मानपत्रात काय लिहावं?

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेतले शिपाईकाका 31 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होताहेत. आम्ही माजी विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार आहोत. मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलंय. नमुने पाहिले, सगळीकडे 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख' हेच. काय लिहू?
— एक माजी विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, शिपाईकाकांना मानपत्र द्यावं असं तुम्हा मुलांच्या मनात आलं, याचा मला फार आनंद झाला. विशेषणं मात्र बाजूला ठेवा.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. गावाने दिलेलं मानपत्र आमच्या माजघरात टांगलेलं असे. ओल लागून वरचा मजकूर पुसट झाला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण आल्यागेल्याला ते एका ओळीवर बोट ठेवून दाखवायचे : 'ओढ्याला पूर आला त्या रात्री आपण गाडी पाण्यात घातली नाही, पहाटेपर्यंत प्रवाशांसोबत जागलात.' काचेवर नेमका तिथेच बोटांचा डाग पडला होता.

काकांची तशी ओळ शोधा. गळणाऱ्या वर्गातली बाकं कोण हलवायचं? डबा न आणलेल्या पोराला अर्धी भाकरी कोण द्यायचं? दहा-पंधरा जणांना फोन करा, पण आधी काकूंना विचारा.

जोतीराव फुल्यांचा 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्यात विश्रामबाग वाड्यात शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला, तो मुलींच्या शाळांच्या कामासाठी. 'महात्मा' ही पदवी लोकांनी दिली ती पुढे 11 मे 1888 रोजी, मुंबईत मांडवी कोळीवाड्यात. मधे पस्तीस वर्षांचं काम होतं. म्हणून म्हणतो, आधी काम सांगा.

मजकूर 'आपण' असाच लिहा, एका पानाच्या वर नको. काकांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव शाळेच्या दप्तरात पाहून घ्या. नावात चूक झाली की माणूस बोलत नाही, पण मनाला लागतं. आधी मानपत्र वाचा, मग शाल, श्रीफळ आणि मानपत्र हातात द्या. वाचणाऱ्याने तोंड काकांकडे करावं, पाहुण्यांकडे नाही. आणि काकूंची खुर्ची पहिल्या रांगेत नको, मंचावर काकांच्या शेजारी मांडा.