बंड्याच्या तिकिटाआधी तुमच्या पॉलिसीबद्दल

प्रश्न (मोठ्या पत्राचा सारांश) : आमचा पग, बंड्या, ८ वर्षांचा आहे. ३ महिन्यांनी सुट्टीत मी, माझे पती आणि १० वर्षांची मुलगी ३ आठवड्यांसाठी परदेशात जाणार आहोत. युरोप, नाहीतर माझी बहीण राहते ते ऑस्ट्रेलिया. बंड्याला आजवर एक रात्रही कुणाकडे ठेवलेलं नाही, म्हणून त्यालाही न्यायचं आहे. एजंटने सगळा मिळून माझ्या ४ महिन्यांच्या पगाराएवढा खर्च सांगितला आहे; त्यात दीड पगार एकट्या बंड्याचा. बँक १५ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी पर्सनल लोन द्यायला तयार आहे. की अडीअडचणीसाठी घेतलेली पॉलिसी मोडू? दर वर्षी २ पगार असे ३ हप्ते भरून झाले आहेत, चौथा २ महिन्यांनी आहे. एकूण १० हप्ते भरले की १५ वर्षांनी ५० टक्के फायदा आहे. पतींनी नोकरी सोडून व्यवसाय सुरू केला आहे, त्यातून अजून घरात पैसे येत नाहीत. बचत खात्यात १ पगार आहे. सगळं भागून महिन्याला पगाराचा दहावा भाग उरतो. घराचं कर्ज अजून ५० पगारांचं आहे. पॉलिसीतल्या तक्त्याचा फोटो सोबत जोडते आहे.

उत्तर : आधी बंड्याचं बोलू, कारण ते लवकर संपणारं आहे. या वेळी त्याला नेऊ नका, आणि हे मी पैशांसाठी म्हणत नाही.

पग चपट्या नाकाचा. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो आणि या जातीची श्वासाची वाटच अरुंद असते. बंद पिंजरा, ताण आणि उकाडा एकत्र आले की त्याचा जीव धोक्यात येतो. अमेरिकी विमान कंपन्यांच्या नोंदींत मे २००५ ते मे २०१० या काळात १२२ कुत्री विमानप्रवासात दगावली, त्यांतली जवळपास निम्मी चपट्या नाकाच्या जातींची होती. म्हणूनच अनेक कंपन्या पग आणि बुलडॉग सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत. केबिनमध्ये घेणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट ८ किलोंच्या आसपास असते, आणि तुमचा बंड्या तुम्हीच लिहिल्याप्रमाणे पिशवीशिवाय ९ किलोंचा आहे. झोपेचं औषध देऊन नेऊ, असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. त्याने श्वास आणि रक्तदाब आणखी खाली जातात.

वेळेचा हिशेबही बसत नाही. बंड्याला रेबीजची लस दर वर्षी दिली आहे, पण मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख-चिप) बसवलेली नाही. युरोपीय संघाचा नियम असा, की चिप आधी आणि लस नंतर. चिपच्या आधी घेतलेली लस तिथे धरतच नाहीत. म्हणजे आज चिप बसवून लस पुन्हा द्यायची. तुमचा देश त्यांच्या मान्य देशांच्या यादीत असेल तर २१ दिवस थांबलं की झालं. यादीत नसेल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायचं, अँटीबॉडीचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून आणखी ३ महिने थांबायचं. हे झाले ४ महिने. तुमच्या हातात ३ आहेत. ऑस्ट्रेलियाचं तर नावच काढू नका. तिथे रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचल्यापासून किमान १८० दिवस थांबावं लागतं आणि उतरल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान १० दिवस विलगीकरण. म्हणजे तुमच्या ३ आठवड्यांतले जवळपास निम्मे दिवस बंड्या एका खोलीत आणि तुम्ही बाहेर. शिवाय परतताना तुमच्या स्वतःच्या देशाचे नियम पुन्हा लागतात, त्याबद्दल एजंटच्या कागदात एक ओळही नाही. दीड पगार मागणाऱ्या माणसाने चिप आहे का, एवढं तरी विचारायला हवं होतं.

आता ज्या गोष्टीमुळे तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, तिच्याकडे येतो.

तुम्ही लिहिता, ‘अडीअडचणीसाठी घेतलेली पॉलिसी’. बँकेतल्या ओळखीच्या माणसाने ती ‘मुदत ठेवीसारखीच’ म्हणून दिली, असंही पत्राच्या शेवटी आहे. ताई, ही ठेव नाही. तुम्ही जोडलेल्या तक्त्यात स्पष्ट छापलं आहे : आतापर्यंत ६ पगार भरले, आज मोडली तर ३ मिळतील. गरज पडली की निम्मी होते, तिला अडीअडचणीची सोय म्हणता येत नाही. ज्याने हे तुमच्या गळ्यात बांधलं त्याला तुमचे पती नोकरी सोडणार आहेत हे ठाऊक होतं, असं तुम्ही लिहिता. मग मला त्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

५० टक्के फायदा म्हणजे किती? १० हप्त्यांचे २० पगार भरायचे आणि १५ वर्षांनी ३० घ्यायचे. ऐकायला भरघोस वाटतं, पण वर्षाचा दर काढला तर ४ टक्क्यांच्या आतच राहतो. ५० टक्के हा आकडा १५ वर्षांवर पसरलेला आहे, हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही. आणि दुसरीकडे तुम्ही १५ टक्क्यांनी कर्ज घ्यायला निघाला आहात. ४ पगार घ्याल, ३ वर्षांत ५ फेडाल. महिन्याचा हप्ता पगाराच्या जवळपास १४ टक्के, उरतात १० टक्के. पहिल्याच महिन्यापासून बचत खात्यातून पैसे जायला लागतील. ‘पाचव्या वर्षी पॉलिसीतून काढून फेडू’ हा तुमचा विचार मी समजू शकतो, पण तुमच्या तक्त्यात पाचव्या वर्षीची मोड-किंमतही भरलेल्या रकमेपेक्षा कमीच आहे. त्या आशेवर कर्ज काढू नका.

मग मोडायची का? नाही. आणि चालूही ठेवायची नाही. इथे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक जण यातच चुकतात.

तक्त्यात तिसरा रकाना आहे, ‘पेड-अप’. हप्ते आजच थांबवले आणि पैसे आतच ठेवले, तर मुदत संपल्यावर ९ पगार मिळतील असं तो सांगतो. आज मोडली तर ३, न मोडता १२ वर्षं थांबलात तर ९. पैसे तिप्पट, म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. जोखीम न घेता हा दर सहजी मिळत नाही. आजवर ६ पगार भरले हे विसरा, ते आता कुठल्याही निर्णयाने बदलणार नाही. प्रश्न फक्त आजच्या ३ पगारांचा आहे आणि त्यांच्यासाठी ही जागा चांगली आहे.

पुढच्या हप्त्यांचं मात्र उलट आहे. अजून ७ हप्ते, म्हणजे १४ पगार भरायचे आणि त्या बदल्यात ९ च्या जागी ३०, म्हणजे जास्तीचे २१ मिळतात. वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. त्यासाठी दर वर्षी २ पगार १२ वर्षांपर्यंत अडकवून ठेवायचे, तेही घरात एकच पगार येत असताना? मी तरी ठेवणार नाही. ‘मोडू की चालू ठेवू’ असं विचारलंत की विकणारा दुसरं सांगतो आणि रागावलेला नातेवाईक पहिलं. तिसरा रकाना कुणी वाचत नाही.

यात एक मोठी अडचण आहे आणि क्रम चुकला तर ती अंगाशी येईल. या पॉलिसीत तुमच्या जिवाचा विमा २० पगारांचा आहे. घराचं कर्जच ५० पगारांचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर विम्याचे सगळे पैसे देऊनही ३० पगारांचं कर्ज उरतं, आणि मुलगी १० वर्षांची आहे. इतक्या वर्षांत कुणीही तुम्हाला हे बोलून दाखवलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. हप्ते थांबवले की हे २० पगारांचं संरक्षणही घटतं. म्हणून आधी साधा मुदत विमा घ्या, ज्यात जगलात तर काहीही परत मिळत नाही असा. ‘परत मिळणारा’ प्रकार दाखवतील, तो घेऊ नका. कर्ज आणि मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंतचा खर्च धरून निदान १५० पगारांचा घ्या. तुमच्या वयाला, तब्येत बरी असेल तर, त्याचा वर्षाचा हप्ता आज भरता त्या २ पगारांचा छोटासा भाग असेल. आजार असतील ते अर्जात लिहा, लपवू नका. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचे हप्ते थांबवायचे. चौथ्या हप्त्याला २ महिने आहेत, तेवढ्यात हे होतं.

वाचलेले पैसे कुठे जातील, तेही सांगतो. थांबवलेल्या हप्त्यांचे वर्षाला २ आणि महिन्याच्या शिलकीचे १ च्या वर, असे ३ पगार मोकळे होतात. नव्या विम्याचा हप्ता वजा जाता थोडे कमी. घरखर्च, कर्जाच्या हप्त्यासकट, महिन्याला पाऊण पगाराच्या आत आहे. अडीअडचणीसाठी ६ महिन्यांचा खर्च हाताशी हवा, तो झाला साडेचार पगार. १ आहेच. उरलेले साडेतीन साधारण सव्वा वर्षात जमतात. ते साध्या ठेवीत आणि बचत खात्यातच ठेवा, जास्त व्याजाच्या कुठल्याही नव्या योजनेत नको. व्यवसायाला तोवर आधार मिळेल आणि बंड्यालाही. ८ वर्षांचा पग म्हणजे डोळे, सांधे, श्वास यांची दुखणी जवळ आली. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने खर्च करायची खरी वेळ ती. रात्री दोनला त्याला श्वास घेता येईना झाला तर हातात रोख हवी. म्हणून त्या साडेचारांवर त्याचा अर्धा पगार वेगळा जमवा.

मुलीची सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. या सुट्टीत गाडीने जाता येईल अशा ठिकाणी चौघं मिळून जा, बंड्या मागच्या सीटवर, दर दोन तासांनी थांबत. परदेशाचं हे पैसे जमल्यावर बघू, त्यांना हात न लावता, त्यापुढे जमवलेल्या पैशातून, आणि तेव्हा तो ओळखीच्या माणसाकडे राहील. त्याला एकटं राहायची सवय नाही, ती आतापासून लावा. आधी एक रात्र, मग दोन. चिप मात्र याच आठवड्यात बसवून घ्या. हरवला तर ती उपयोगी पडेल.

आज एकच पत्र लिहा, विमा कंपनीला : ‘आजच्या तारखेला हप्ते थांबवल्यास मुदतीअखेर नक्की किती रक्कम मिळेल ते लेखी कळवावे.’ फोनवरचं उत्तर चालणार नाही. उत्तरात ९ पगार किंवा त्याच्या आसपास आले तर वर लिहिलं तसं करा. ६ च्या खाली आले तर पेड-अप करण्यात अर्थ नाही, ३ घेऊन बाहेर पडा. मधलं काही आलं तर आकडा मला पाठवा, पण चौथ्या हप्त्याच्या आधी.