स्टेशनजवळ दाट वस्तीला परवानगी दिली तर ट्रॅफिक वाढणारच ना?

थोडं वाढेल, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. खरी मेख मजल्यांत नाही, पार्किंगमध्ये आहे. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर राहणारा माणूस रोज गाडी काढेल का, हे इमारतीत गाडीला जागा फुकट मिळते का यावर बरंच ठरतं. प्रत्येक फ्लॅटमागे दोन गाड्यांची जागा सक्तीची केली की खालचे मजले गाड्यांनाच जातात, घर महागतं आणि त्या गाड्या शेवटी रस्त्यावर येतातच. मग स्टेशन दाराशी असून काय उपयोग?

न्यूझीलंडने 2020 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. मोठ्या शहरांत जलद वाहतुकीच्या स्थानकांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात किमान सहा मजल्यांना वाव द्या, असं धोरण आणलं आणि किमान पार्किंगची अटही काढायला लावली. हाँगकाँगमध्ये तर मेट्रो कंपनीच बिल्डरांना सोबत घेऊन स्थानकांवर इमारती उभारते आणि त्या कमाईतून रेल्वेमार्गाचा खर्च भागवते.

विरोध करणारे सगळे आपमतलबी असतात असं मात्र मला वाटत नाही. अडणारं ऊन, तुंबणारं सांडपाणी, वीतभर फुटपाथ या तक्रारी खऱ्या असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुनी भाड्याची घरं पाडून टॉवर आला, तर ज्याचं पोट लोकलवर चालतं तोच भाडेकरू स्टेशनपासून लांब फेकला जातो. त्यामुळे अशा प्रकल्पाच्या सुनावणीला गेलात तर मजले मोजत बसण्याआधी एवढं विचारा: त्या भाडेकरूंना तिथेच परत घर मिळणार का, आणि कोणत्या भाड्याने?