ते तीन मिस्ड कॉल तुझेच, हे आधी कळव

'अक्का, मी जांबोटीकडचा, बेळगावात उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो. मागच्या रविवारी खानापूरला मित्राच्या लग्नात पंगतीला शेजारी एक मुलगी बसली होती. शहापुरात साड्यांच्या दुकानात कामाला आहे. बोलता बोलता तिनंच माझ्या मोबाइलवर स्वतःचा नंबर टाकून दिला. निघताना "शेवटची गाडी गावंल न्हवं?" म्हणाली. आठ दिवस झाले. तीनदा लावला, पण रिंग गेली की कट केला. पहिल्या फोनवर काय बोलू?'
– बुजरा, उद्यमबाग

अरे बुजऱ्या,

काय बोलू म्हणून विचारतोस आणि तीनदा कट केल्याचं एका ओळीत उरकतोस! पहिला फोन व्हायचाय असं तुला वाटतंय. तिच्याकडं तो तीनदा होऊन गेलाय. अनोळखी नंबर, तीन मिस्ड कॉल, वेळेसकट. एकदा लागून तुटला तर माणूस म्हणतो, चुकून लागला असेल. तीनदा तुटला की मुलीच्या मनात एकच येतं, कुणीतरी त्रास द्यायला लागलंय. त्यात ट्रूकॉलर असेल, तर लोकांनी तुझा नंबर ज्या नावानं सेव्ह केलाय ते नाव तिला दिसणार. 'सीएनसी खानापूर' असं काहीतरी. त्यावरून पंगतीतला तू तिला कसा आठवणार?

पूर्वी फोनला पैसे पडायचे तेव्हा मिस्ड कॉलला अर्थ होता. पोचलो, खाली ये, परत कर. २०१६ ला जिओ आलं, बोलणं जवळपास फुकट झालं, आणि तो अर्थ गेला. आता अर्धवट रिंग म्हणजे नुसता भित्रेपणा, आणि तो समोरच्याला भीती घालतो.

तेव्हा चौथा फोन लावू नकोस. आज एक मेसेज टाक, असा:

'नमस्कार, मी (पूर्ण नाव). रविवारी खानापूरच्या लग्नात पंगतीला शेजारी होतो, तुम्ही नंबर दिला होता. तीन मिस्ड कॉल माझेच. धीर झाला नाही म्हणून कट केले, चुकलं. शनिवारी रात्री ९ वाजता फोन केला तर चालेल का?'

एवढंच. हार्ट नको, गुड मॉर्निंगचं फूल नको. डीपीला स्वतःचा चेहरा लाव. अश्वारूढ महाराजांचा डीपी अर्ध्या बेळगावचा आहे, त्यात तू कुठला ते तिला कसं कळणार? आणि 'तुम्ही'च म्हण. 'तू' म्हणायचं तिला वाटलं तर तीच सांगेल. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समज आणि नंबर पुसून टाक.

'चालेल' आलं तर दिलेल्या वेळेलाच लाव. रात्री ९ एवढ्यासाठी की दुकानात गिऱ्हाईक असताना, हातात साडीची घडी धरून, कुणाला बोलता येत नाही. जांबोटीच्या वाटेवर गाडीतून लावू नकोस, रेंज जाते आणि पुन्हा 'कट केला' होतं. कारखान्यातूनही नको, कॉम्प्रेसरच्या आवाजात माणूस ओरडून बोलतो आणि पलीकडं तो खेकसल्यासारखा वाटतो. त्या दिवशी खानापुरात उतर, स्टँडपासून जरा बाजूला उभा राहा.

मोबाइलची रिंग साधारण ३० सेकंद वाजते. ती पूर्ण वाजू दे. नाही उचलला तर त्या रात्री पुन्हा लावायचा नाही. दुसऱ्याच कुणी उचलून 'यारू?' म्हणालं, तरी कट करायचा नाही. नाव सांग, तिला द्यायला सांग. कन्नड येतं की तुला.

तिनं उचलला की नाव सांगून आधी विचार, 'आत्ता बोलायला जमेल का?' जमेल म्हणाली तर सात-आठ मिनिटं पुरे, आणि ठेवायचं तूच म्हण. पगार, जात, लग्न यातलं काही पहिल्या फोनवर काढू नकोस.

आणि काय बोलायचं ते तिनंच तुला देऊन ठेवलंय. गाडीचं विचारलं होतं तिनं, उत्तर अजून तुझ्याकडं बाकी आहे. मिळाली, की चुकली आणि कुणाच्या टेम्पोत बसून गेलास? मलाही लिहिलं नाहीस. तिला सांग.

– अक्का