वसाहतीच्या नव्या उद्यानासाठी रहिवाशांची मतं नेमकी घ्यायची कशी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: वसाहतीला लागून असलेला एकरभर मोकळा भूखंड उद्यानासाठी राखलेला आहे, पैसे मंजूर झालेत, आणि लोकांची मतं घ्यायचं काम तुमच्या समितीकडे आलं आहे. पहिल्या बैठकीला तीसेक जण आले, त्यांतले चारच बोलले, आणि त्या चौघांचंही आपसात जुंपलं. आता पुढची बैठक घ्यावी की नाही, हेच तुम्हाला कळेनासं झालं आहे.

मी खुल्या जागांचे आराखडे करते. अशा बैठका मी बऱ्याच घेतल्या आहेत, आणि सुरुवातीच्या अगदी तुमच्यासारख्याच फिसकटल्या. माणसं भांडखोर होती असं नाही. आम्ही विचारत होतो तो प्रश्नच चुकत होता. "उद्यानात काय हवं?" असं विचारलं की माणूस वस्तूंची नावं सांगतो. कारंजं, घसरगुंडी, व्यायामाची साधनं, मोठ्ठी हिरवळ. प्रत्येकाची यादी वेगळी आणि जागा तेवढीच, मग याद्या एकमेकींवर आदळणारच. त्यापेक्षा माणसाला त्याचा दिवस विचारा. सकाळी कधी बाहेर पडता? बाळ रडायला लागलं की त्याला घेऊन कुठे जाता? संध्याकाळी कुठे टेकता, आणि तिथून लवकर का उठता?

एका बैठकीत एक आजोबा चालण्यासाठी गोल रस्ता हवा म्हणून हटून बसले होते. त्यांच्या समोर तितक्याच हट्टाने मुलांसाठी मैदान मागणारे होते. दुसऱ्या दिवशी मी आजोबांबरोबर फेरी मारली. दीडशे-दोनशे पावलं झाली की त्यांचा गुडघा दुखायचा, आणि वाटेत बसायला काही नसल्यामुळे ते घरापासून लांब जातच नव्हते. त्यांना हवे होते बाक, थोड्या थोड्या अंतरावर, पाठ असलेले, आणि उठताना जोर देता येईल असे हात असलेले. बाकाची बैठक जमिनीपासून पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास असली की म्हाताऱ्या माणसाला उठायला सोपं जातं. फार खाली गेली तर दुसऱ्याचा हात धरावा लागतो. मैदानही झालं आणि बाकही झाले. गोल रस्ता कुणालाच नको होता, पण बैठकीत तो दीड तास खाऊन गेला.

आता लोकांकडे जाण्याआधीची एक गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. कशावर मत घेणार आहात हे आधी समितीतच ठरवा. एका कागदावर तीन भाग करा. पहिल्यात जे ठरून गेलं आहे ते लिहा: एकूण पैसे, हद्द, मुख्य जलवाहिनी जाते तो पट्टा. दुसऱ्यात जे जमिनीनेच ठरवलं आहे ते: पावसाचं पाणी साचतं तो कोपरा, उतार, उभी असलेली झाडं. तिसऱ्यात जे खरोखर खुलं आहे ते. लोकांना फक्त तिसरं विचारा, पण पहिली दोनही दाखवा.

हे मी माझ्या चुकीवरून सांगते. एका उद्यानात फाटक कुठे असावं यावर मी लोकांकडून चिठ्ठ्या घेतल्या, आणि फाटकाची जागा वरच्या कार्यालयात आधीच कायम झाली होती. मला ते माहीत होतं. वाटलं, निदान लोकांना सहभागी झाल्यासारखं वाटेल. महिन्याभरात सगळ्यांना कळलं, आणि त्यानंतर तिथे बोलावलेल्या प्रत्येक बैठकीत रिकाम्या खुर्च्या होत्या. त्या लोकांचं काहीच चुकलं नव्हतं. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना नुसतं खेळवणं आहे आणि टोकाला लोकांच्या हातात निर्णय. मधल्या पायरीवर आहे नुसतं मत विचारणं. मताचं पुढे काय होणार याची हमी नसेल, तर ते देखाव्यातच जमा होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात ते लोकांना सरळ सांगा. "यातलं एवढंच तुमच्या हातात आहे" असं ऐकून लोक नाराज होतात, पण निघून जात नाहीत.

जमिनीने ठरवलेल्या गोष्टींसाठी एक-दोन दिवस प्रत्यक्ष भूखंडावर घालवा. हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. पाणी काही तासांत उतरलं तर निचरा ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तिथे मुलांची खेळणी नकोत. मोठी झाडं असतील तर काम सुरू होण्याआधी त्यांच्याभोवती कुंपण घाला, आणि ते खोडाजवळ न घालता फांद्यांच्या घेराच्याही बाहेर घाला. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच पसरलेली असतात. त्यावरून यंत्रं फिरली, विटा-वाळूचे ढीग पडले की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि झाड लगेच न मरता दोन-तीन वर्षांनी वाळतं. तोपर्यंत ठेकेदार केव्हाच गेलेला असतो. उताराचंही तसंच. व्हीलचेअरसाठी चढ एकास बारापेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. हे मतदानाला टाकायचे विषयच नव्हेत.

बैठकीला जे आले नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं. एका आठवड्यात सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लागल्यावर भूखंडाच्या कडेला अर्धा-अर्धा तास उभं राहा. कोण जातं, कोण रेंगाळतं, कोण रस्ता ओलांडून पलीकडून जातं, ते वहीत लिहा. कामाला येणाऱ्या मावशी, राखणदार, दुपारी सावली शोधणारे सामान पोचवणारे लोक, बाळाला कडेवर घेऊन उभी असलेली आई. यांतलं कुणीही संध्याकाळी सातच्या बैठकीला येत नाही, आणि उद्यानाचा सगळ्यात जास्त वापर हेच करणार असतात. त्यांच्याशी उभ्या उभ्या दोन मिनिटं बोला. फॉर्म भरायला देऊ नका.

मुलींविषयी जरा थांबून लिहिते, कारण बहुतेक समित्यांचं तिकडे लक्षच जात नाही. ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहरात, १९९०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत यायच्याच बंद होतात, मुलगे मात्र येत राहतात. कारण साधं होतं. मधोमध एक मोठी मोकळी जागा, आणि ती ज्याचा आवाज मोठा त्याची. जागेसाठी भांडण्यापेक्षा मुली घरी जात होत्या. १९९९पासून तिथल्या दोन बागा नव्याने आखल्या: मोठ्या मैदानाचे झाडाझुडपांनी छोटे भाग केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. तुमच्या आराखड्यात चारी बाजूंनी बंद, एकच दार असलेलं खेळाचं अंगण असेल तर त्याला निदान दोन दारं ठेवा. आत टोळकं बसलेलं असताना एकाच दारातून आत शिरायचं धाडस बारा वर्षांची मुलगी करत नाही. आणि मुलींना वेगळं विचारा, मुलग्यांच्या आणि आई-वडिलांच्या समोर नको. माझ्या अनुभवात त्यांच्या बोलण्यात खेळण्यांपेक्षा आधी स्वच्छतागृह येतं, मग उजेड, आणि मग समोरासमोर तोंड करून बसता येईल असे बाक. एका रेषेतले बाक त्यांना नको असतात. चार मैत्रिणी एका रेषेत बसून गप्पा मारूच शकत नाहीत.

लहान मुलांना कागदावर चित्रं काढायला लावलीत तर इंद्रधनुष्य आणि किल्ला मिळेल. चित्रं जरूर लावा भिंतीवर, पण आराखड्यासाठी मुलांना भूखंडावर घेऊन जा आणि मोकळं सोडा. ती कशावर चढतात, कुठे लपतात, कुठला मातीचा ढीग सोडत नाहीत, ते बघा. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेनसेन यांच्या लक्षात आलं होतं की त्यांनी आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागेवरचा पडीक माल जास्त आवडतो. त्यातून १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे मुलांनी स्वतः बांधायचं-मोडायचं क्रीडांगण उभं राहिलं. तुम्हाला तेवढं करायला नको, पण एखादा मातीचा उंचवटा, आडवा पडलेला ओंडका, पाण्याचा नळ आणि वाळूचा हौद हे जवळजवळ ठेवलंत तर महागड्या खेळण्यांवरचा निम्मा हट्ट आपोआप ओसरतो.

भांडण मात्र कुठेतरी होणारच, आणि ते बहुधा चेंडूच्या खेळावरून होतं. मुलांना मैदान हवं असतं, कडेच्या घरातल्या लोकांना शांतता. हे भांडण सभागृहात मिटत नाही, कारण नकाशावरचे दहा मीटर किती हे कुणालाच कळत नसतं. सगळ्यांना भूखंडावर न्या आणि फक्कीने आराखडा जमिनीवर खऱ्या मापात आखा. इथे मैदान, इथे पायवाट, इथे झाडं. जिथे जाळी येणार तिथे काठ्यांना दोरी बांधा. मग मुलांना तासभर खेळू द्या आणि तक्रार करणाऱ्या काकूंना त्यांच्या खिडकीत उभं राहून ऐकू द्या. एकदा आम्ही असं केलं तेव्हा कळलं की काकूंचा त्रास खेळाच्या आवाजाचा कमी आणि चेंडू फाटकावर आपटण्याचा जास्त होता. मैदान पंधरा पावलं सरकलं आणि आडवं झालं. बैठकीत तीन वेळा अडलेली गोष्ट एका संध्याकाळी सुटली. फक्की पुसून पुन्हा मारता येते, म्हणून लोक हट्ट सोडायला तयार होतात. छापील नकाशा बघितला की त्यांना वाटतं, आता झालंच.

देखभालीचा प्रश्न आराखडा पक्का होण्याआधी विचारा, प्रत्येक गोष्टीसमोर: हे रोज कोण झाडणार, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, पैसे कुठून? कारंज्याला याचं उत्तर सहसा मिळत नाही, आणि बंद कारंज्यात डास होतात. नव्या झाडांना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतंच. पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव कागदावर नसेल तर शंभर रोपांऐवजी वीसच लावा आणि ती वीस जगवा.

मतं गोळा झाली की लोकांकडे परत जा. भूखंडाच्या कडेलाच एक फलक लावा: आम्ही काय ऐकलं, त्यातलं काय करतोय, काय करत नाही आणि का नाही. यातलं शेवटचं लिहिताना हात अडखळतो, पण लोक थांबून वाचतात ते तेच. "स्केटिंगची जागा होणार नाही, कारण ती बसते त्या एकमेव कोपऱ्यात पाणी साचतं" असं लिहिलेलं वाचून ती मागणी करणारा मुलगा माझ्याकडे आला होता. रागावलेला होता, पण त्याने विचारलं की मग त्या कोपऱ्यात काय होणार. पुढे पाण्यात तग धरणारी झुडपं तिथे त्याने आणि त्याच्या मित्रांनी लावली.

आणि शक्य असेल तर सगळे पैसे उद्घाटनापर्यंत संपवू नका. दहावा हिस्सा तरी वर्षभर राखून ठेवायचा असं सुरुवातीलाच लिहून घ्या, कारण नंतर कुणी देत नाही. काही बाक आणि खुर्च्या पहिलं वर्ष हलवता येतील अशाच ठेवा. न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये माणसं कशी बसतात याचं विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात कॅमेरे लावून निरीक्षण केलं होतं. सुटी खुर्ची मिळाली की माणूस ती जराशी का होईना सरकवतो आणि मगच बसतो, हे त्यांनी टिपलं. वर्षभरात खुर्च्या कुठे जाऊन स्थिरावतात ते बघा, पक्के बाक तिथे टाका. गवतावरून लोकांनी पाडलेल्या वाटेवर "येथून जाऊ नये"ची पाटी न लावता फरसबंदी करा. आमच्या एका बागेत अशी वाट मागच्या कोपऱ्यातून तिरकी गेली होती, बरोबर त्या जागेकडे जिथे कुंपणाच्या दोन गजांमध्ये एका माणसापुरती फट होती. राखून ठेवलेल्या पैशांतून आम्ही तिथे दुसरं फाटक बसवलं.