आधी दोन तारखा लिही

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. ‘चीनची युद्धस्मृती’ फार पसरट होतंय. एक घटना धर आणि ती सांगणाऱ्या दोन पिढ्या. एवढ्यातच दोन वर्षं जातील.

वहीत प्रत्येक साधनापुढे दोन तारखा लिही: घटना कधीची आणि ती सांगितली कधी. पीत नदीकाठच्या ह्वायुआनखौचंच बघ. जून 1938 मध्ये जपानी फौज अडवायला चीनचा तेव्हाचा राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेक याच्या सैन्यानं तिथला नदीचा बांध फोडला, आणि त्याच्याच सरकारनं खापर फोडलं जपानी बॉम्बफेकीवर. त्या महिन्याचं वर्तमानपत्र केवळ जवळचं म्हणून खरं धरलं की फसगत ठरलेली. मृतांचे अंदाजही चार लाखांपासून नऊ लाखांच्या आसपास जातात. म्हणून आकड्याशेजारी तो कुणी, कोणत्या साली काढला हे हवंच.

सालांत हमखास घोटाळा होतो. चिनी प्रजासत्ताकाच्या कागदावर साल ‘27’ दिसलं तर 1911 मिळव, म्हणजे 1938. त्याच वर्षीच्या जपानी कागदावर ‘शोवा 13’ (सम्राटाच्या राजवटीचं साल) असेल, तिथं 1925 मिळवायचे. घाईत 27 चं 1927 करणारे कमी नाहीत. गावांची नावंही तशीच: जुनं ‘चुंगकिंग’ आणि आजचं ‘चोंगछिंग’ एकच, 1928 ते 1949 मधलं ‘पैपिंग’ म्हणजे बीजिंग. दोन्ही रूपांनी शोधलं नाहीस तर निम्मी सामग्री हातची जाईल.

जपानविरुद्धचं युद्ध किती वर्षांचं, यावरूनही मजकुराचं वय कळतं. चिनी पाठ्यपुस्तकांत ते 1937 पासून ‘आठ वर्षांचं’ होतं. 2017 च्या आदेशानं 1931 पासून मोजून ‘चौदा वर्षांचं’ झालं. उताऱ्यात मूळ आकडा आहे तसाच ठेव, सुधारू नकोस.

1959 नंतर कम्युनिस्ट सरकारच्या पुढाकारानं जमवलेल्या आठवणींत कुओमिंतांगचे, म्हणजे च्यांगच्या पक्षाचे, माजी अधिकारीही लिहितात. त्यातले काही नुकते माफी मिळून सुटलेले. ते कशावर गप्प आहेत, याची वेगळी नोंद ठेव.

कोटणीसांवर लिहायचा मोह होईलच. जरूर लिही. पण ते ज्यात होते ते पाच भारतीय डॉक्टरांचं पथक 1938 मध्ये आधी च्यांगच्या मुलखातल्या इस्पितळांत राबलं, कम्युनिस्टांच्या येनानला गेलं 1939 मध्ये. सोलापूरचं स्मारक आणि शिजियाझुआंगची समाधी, दोन्हीकडच्या फलकांवर त्या पहिल्या महिन्यांना किती ओळी मिळाल्यात, तेवढं मोजून कळव.