जुन्या ट्रकला नवे इंजिन: खर्च किती महिन्यांवर वाटायचा?

ग्वाल्हेरच्या एका वाचकांकडे २०१२ सालचा, एकूण १६.२ टन वजनक्षमतेचा सहाचाकी ट्रक आहे. इंजिन धूर टाकते, ऑइल खाते, चढावर दम सोडते आणि गाडीचा अ‍ॅव्हरेज लिटरमागे ५ किलोमीटरवरून ४.२ वर आला आहे. मिस्त्रीने तीन मार्ग सुचवले आहेत. जुन्याच ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात) लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे बदलून आणि क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) ग्राइंड करून इंजिनाचे पूर्ण काम केल्यास १ लाख ६० हजार रुपये, भंगारातले हाफ इंजिन (क्रँक-पिस्टनांसह जुना ब्लॉक) घातल्यास १ लाख १० हजार, आणि जुने इंजिन देऊन कंपनीने नव्याने बांधलेले इंजिन घेतल्यास ३ लाख २० हजार रुपये लागतील. चौथा मार्ग त्यांच्या स्वतःच्या मनात आहे, तो २८ लाखांच्या नव्या ट्रकचा. हाताशी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ५ लाखांची मुदत ठेव आहे, आणि इंजिन ठणठणीत झाले की दिल्लीची भाडी पुन्हा घेता येतील, अशी त्यांची अपेक्षा आहे.

या शेवटच्या अपेक्षेचे उत्तर आधी देतो, कारण आपला सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. इंजिन बदलल्याने गाडीचे कागदोपत्री वय कमी होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दोन आसांच्या मालवाहू गाडीला वयाच्या १२ वर्षांपर्यंतच राष्ट्रीय परवाना, म्हणजे परराज्यांत माल नेण्याचा परवाना, मिळतो, आणि आपल्या गाडीने ती मर्यादा २०२४ मध्येच ओलांडली. दुसरे असे की २०१२ साली आपल्याकडे नोंदलेला हा ट्रक बीएस-३ या धूर-प्रदूषणाच्या जुन्या मानकाचा आहे, आणि दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ व त्याखालच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद आहे. ब्लॉक कितीही कोरा असला तरी नोंदणीवरचे मानक तेच राहते. म्हणून दिल्लीचे भाडे हिशेबातून पूर्ण काढून टाकावे आणि ग्वाल्हेरजवळच्या मालनपूर-बानमोर औद्योगिक भागांतला माल भोपाळ-इंदूरला नेण्याचे जे काम आज चालू आहे, तेवढ्याच उत्पन्नावर इंजिनाचा खर्च तोलावा.

या कामालाही मुदत आहे. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे फिटनेस, म्हणजे ती रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याची तपासणी, दरवर्षी करावे लागते, आणि २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षे पूर्ण झाली की त्याचे शुल्कही चढेल. चॅसी, कमानी आणि केबिन यांचा विचार करून मी या ट्रकला अजून ३० कामाचे महिने धरतो. आपला मिस्त्री चॅसी पाहून कमी सांगत असेल तर कमी धरावेत. इंजिनाच्या किमतीची तुलना ट्रकच्या किमतीशी करण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तिच्यातून फारसे काही कळत नाही. खर्च या ३० महिन्यांवर वाटून पाहावा.

इंजिन उघडल्यावर अंदाजपत्रक फुगतेच. डिझेल पंप, नोझल, क्लच प्लेट, कधी हेडही (इंजिनाचा वरचा भाग) कामाला निघते. तेव्हा १ लाख ६० हजारांच्या जागी २ लाख धरा, म्हणजे महिन्याला सुमारे ६,७०० रुपये पडतात. कंपनीचे इंजिन बसवणावळीसह साडेतीन लाखांना गेले, तर महिन्याला ११,७०० च्या आसपास पडतील. समोरची बाजू अशी: आपण महिन्याला ४,५०० किलोमीटर चालवता, म्हणजे पूर्वी ९०० लिटर लागणारे डिझेल आता सुमारे १,०७० लिटर लागते, आणि ९२ रुपये भावाने ही गळती १५,७०० रुपयांच्या घरात जाते. ती सगळी थांबली, तर २ लाख तेरा महिन्यांत वसूल होतील. मात्र अ‍ॅव्हरेज पडण्याचे सगळे खापर पिस्टनवर फोडू नये, कारण नोझल खराब असणे, ब्रेक धरून राहणे, टायरमध्ये हवा कमी असणे यांनीही तो तेवढाच पडतो. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या आणि पंप व नोझल तपासणीच्या बेंचवर लावून पाहा. हा खर्च हजारांत भागतो आणि काही वेळा लाखांचा खर्च पुढे ढकलतो.

भंगारातले हाफ इंजिन स्वस्त दिसते, पण मी ते घेऊ देणार नाही. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो; ब्लॉक बदलला की नोंदणी पुस्तकात तो बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या इंजिनाचे बिल व मूळ गाडीचे कागद दाखवावे लागतात. ते नसतील तर फिटनेसला गाडी अडते, अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेते, आणि इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. जुना ब्लॉक ठेवून काम केल्यास यातले काहीच उद्भवत नाही, आणि पन्नास हजारांचा फरक देण्याइतकी ही निश्चिंती मोलाची आहे.

नव्या ट्रकसाठी २२ लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तरी हप्ता ५६ हजारांच्या आसपास येतो, आणि आज ट्रक नीट चालला तरी खर्च वजा जाता आपल्या हाती ३८ हजार उरतात, असे आपणच लिहिले आहे. नव्या गाडीला राष्ट्रीय परवाना मिळेल हे खरे, पण ठरलेले भाडे लेखी हाती नसताना उरलेल्या ६ लाखांसाठी मुलीची पूर्ण ठेव मोडून वर आणखी लाखभर उसने घेणे मला मान्य नाही.

कराबद्दल थोडक्यात: आपण अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीखाली, म्हणजे १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एई प्रमाणे, विवरण भरता. तिथे १२ टनांवरील गाडीचे उत्पन्न टनामागे महिन्याला १,००० रुपये, म्हणजे आपले वर्षाला १,९४,४०० रुपये धरले जाते. इंजिनाचा खर्च त्यातून वेगळा वजा होत नाही, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असलेला महिनाही मोजला जातो.

पैसे उभे करताना ठेव मोडू नका. बँका ठेवीवर तिच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने उचल देतात, आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. जुन्या ट्रकवरचे वित्त कंपनीचे कर्ज याहून बरेच महाग पडेल. २ लाखांची मर्यादा मंजूर करून घ्या, आधी ठरलेले १ लाख ६० हजारच वापरा, आणि डिझेलमध्ये वाचणारी रक्कम दरमहा त्याच खात्यात भरा.

एक अट मात्र मिस्त्रीशी आधीच, शक्यतो कागदावर, ठरवा. उघडल्यावर ब्लॉकला तडा दिसला किंवा क्रँक ग्राइंडच्या मर्यादेबाहेर गेलेला निघाला, तर सुटे भाग आणण्यापूर्वी काम थांबवून आपल्याला विचारायचे. तशा वेळी आपले लक्ष्य इंजिन नसून विक्री असेल: आहे त्या स्थितीत गिऱ्हाईक काय देते ते पाहा, आणि शेजारी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राचा भावही घ्या, कारण गाडी तिथे जमा केल्याबद्दल मिळणाऱ्या ठेव-प्रमाणपत्रावर पुढे नवी मालवाहू गाडी घेताना रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.