सल्लागाराच्या नोकरीत प्रवास, वेळ आणि बढती यांचा मेळ कसा घालावा?

पुण्यातील सल्लागार कंपनीत काही वर्षे काढल्यावर दर सोमवारी ग्राहकाच्या गावी जाऊन गुरुवारी रात्री परतण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे, पण प्रवास नाकारल्यास बढती हुकेल अशी भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे: जे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही, तेवढ्यासाठीच गाव सोडावे.

मी कारखान्यांची उत्पादकता वाढवण्याच्या कामात आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधील एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या विभागात, डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला फार वेळ लागतो, अशी मालकांची तक्रार होती. नोंदवहीत मात्र प्रत्येक वेळी जवळपास तोच, सोयीस्कर असा आकडा लिहिलेला असे. म्हणून मी तिसऱ्या पाळीत स्टॉपवॉच घेऊन प्रेसपाशी उभी राहिले. जुनी डाय झटपट उतरली आणि मग शोधाशोध सुरू झाली. क्लॅम्पचे बोल्ट एका डब्यात, त्यांना लागणारा पाना दुसऱ्याच मशीनवर, फोर्कलिफ्ट डिस्पॅचकडे गेलेली आणि नवी डाय रॅकच्या अगदी आतल्या कप्प्यात. बोल्ट आवळायला लागला त्याहून अधिक वेळ तो शोधण्यात गेला. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने मशीन चालू असताना उरकता येणारी कामे आणि मशीन थांबवूनच करावी लागणारी कामे वेगळी करायला सांगितले होते. त्याचे लक्ष्य डायबदल १० मिनिटांच्या आत आणण्याचे होते. आम्ही तिथवर पोहोचलो नाही, परंतु पुढच्या डायचे सगळे साहित्य आधीच एका ट्रॉलीवर लावून प्रेसशेजारी ठेवल्याने वेळ निम्म्याहून खाली आला. हे पुण्यात बसून कळले नसते.

मात्र पाहणी झाल्यावर उरलेले काम, म्हणजे आकडेमोड, तक्ते आणि सादरीकरण, कोथरूडच्या माझ्या टेबलावर अधिक चांगले होत होते. आठवड्यातून दोन रात्री वाळूजला आणि बाकीचे दिवस पुण्यात, असे मी सुचवले, तेव्हा आमचे वरिष्ठ म्हणाले, "ग्राहकाला माणूस समोर दिसला पाहिजे, मॅडम." त्या वर्षीच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे उपस्थिती कमी असल्याचा शेरा आला आणि बढती ग्राहकाकडच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून स्लाइड रंगवणाऱ्या सहकाऱ्याला मिळाली. पुढच्या टप्प्याचे काम देताना ग्राहकाने खरेदी आदेशात माझे नाव घातले, दुसऱ्या कोणाचेही नाही. हे मी त्या वरिष्ठांना तेव्हा सुनावले नाही, ते येथे लिहीत आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. ग्राहकाकडे कोणते दिवस आणि कशासाठी जायचे, हे प्रस्तावातच कामाच्या व्याप्तीखाली लिहून घ्यावे. काम सुरू झाल्यावर मागितलेली सवलत कामचुकारपणा वाटते. प्रत्येक भेटीचे इतिवृत्त त्याच संध्याकाळी ग्राहकाच्या विभागप्रमुखाला पाठवून आपल्या वरिष्ठांना त्याची प्रत द्यावी, म्हणजे आपण दिसत नसलात तरी आपले काम दिसते. वेळेचा हिशेबही प्रामाणिक असावा. मुंबईला जाताना लोक द्रुतगती मार्गाचे ९४ किलोमीटर तेवढे मोजतात. किवळ्यापर्यंतचा आणि कळंबोलीनंतरचा वेळ कोणाच्याच हिशेबात नसतो. दक्षिण मुंबईत काम असेल तर १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन अजूनही मोटारीपेक्षा बरी, कारण तीन तासांहून थोड्या अधिक वेळात ती सीएसएमटीला पोहोचवते आणि तेवढ्यात एक अहवाल वाचून होतो. वाळूजच्या वाटेवर असा पर्याय मला सापडला नाही. वाघोलीच्या कोंडीत लॅपटॉप उघडणाऱ्यांना माझा नमस्कार.

हे सगळे ज्यांना कामाची नस सापडली आहे त्यांच्यासाठी आहे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मात्र पाठवतील तेथे जावे, रात्रपाळीलाही जावे, कारण काय पाहायचे हेच तेव्हा ठाऊक नसते. ग्राहकाकडे नवी संगणक प्रणाली सुरू होण्याच्या आठवड्यातही घरून काम करण्याचा हट्ट धरू नये. आणि आपल्या कंपनीत बढती खरोखरच हजेरीवर ठरत असेल, तर माझ्या सल्ल्याने ती एखादे वर्ष लांबेल. माझी लांबली होती. तेवढी तयारी नसेल तर कंपनी बदलण्याचा विचार करावा, पण नव्या ठिकाणी मुलाखतीतच विचारावे की ग्राहकाकडे जाण्याचे दिवस कोण ठरवतो.